अनुदान संपले, म्हणून काम संपावयाचे काय?



गेल्या मार्चअखेर आपल्या कार्यक्षेत्रातील जमीन-सुधारणेचा कार्यक्रम बंद झाला. एका मोठ्या कंपनीच्या निधीतून, एका सेवाभावी संस्थेमार्फत तो तीन वर्षे चालला होता. माती परीक्षण, पाचट न जाळता कुजविणे, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, एक डोळा रोपांच्या रोपवाटिका अशी कामे त्यात होती. संस्थेची पोरे-पोरी मोटारसायकलवरून गावोगाव फिरत, बांधावर बसून समजावून सांगत. मुदत संपली, निधी थांबला आणि ती मंडळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामावर गेली. तेव्हापासून शेतकी खात्यात आणि गट ऑफिसांत सभासदांची एकच विचारणा चालू आहे : "साहेब, ती संस्था परत कधी येणार?"

विचारणा रास्त आहे. पण त्याआधी सभासदांनी आपल्या मनाला आणखी एक गोष्ट विचारावी असे आम्हास वाटते. काम चांगले होते हे सर्वांना मान्य आहे. मग ते दुसऱ्याचा पैसा असेल तोपर्यंतच चालावे आणि पैसा संपताच थांबावे, हे सहकारी कारखान्याच्या सभासदांना शोभते काय? येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यावर विचार व्हावा अशी आमची सूचना आहे. त्यासाठी सभासदांना सर्व बाजू आधी माहीत असाव्यात, एवढ्याकरिता हा लेख.

अनुदान येते कोठून?

पुष्कळ सभासदांचा समज असा की, संस्था म्हणजे सरकारचेच एखादे खाते. तसे नाही. सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत संस्था म्हणून तिची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, दरसाल हिशेब तपासून घ्यावे लागतात. शिल्लक राहिली तरी ती विश्वस्तांना वाटून घेता येत नाही. आपल्यासारखे भाग भांडवल तिच्याकडे नसते, विकायला साखर नसते. तेव्हा कामगारांचा पगार आणि गाडीचे पेट्रोल हे सगळे कोणाच्या तरी अनुदानातून येते. हे अनुदान देणारे साधारण चार : शासनाच्या योजना, नाबार्ड किंवा राष्ट्रीय सहकार विकास निगम यांच्यासारख्या वित्तसंस्था, मोठ्या कंपन्या, आणि देशी-परदेशी देणगीदार.

कंपन्यांचा पैसा कसा येतो ते पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठराविक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च केली पाहिजे, असे ते कलम सांगते. कंपनीकडे गावात फिरणारी माणसे नसतात. म्हणून बहुतेक कंपन्या हा पैसा एखाद्या न्यासामार्फत किंवा संस्थेमार्फत खर्च करतात. आता त्यातली मेख अशी की, असा चालू प्रकल्प सुरू झालेले वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालवता येतो, असे नियमच आहेत. म्हणजे आपल्याकडचा कार्यक्रम बंद झाला यात संस्थेचा दोष नाही. त्याचा शेवट पहिल्या दिवशीच कागदावर लिहिलेला होता. आपण तो कागद वाचला नव्हता, इतकेच.

परदेशी देणगीचे नियम तर आणखी आवळले आहेत. पूर्वी मोठी संस्था परदेशी देणगी घेऊन तालुक्याच्या लहान संस्थेला त्यातून भाग देत असे. २०२० सालच्या दुरुस्तीने हे बंद झाले. आता ज्या संस्थेने देणगी घेतली तिनेच ती खर्च करावयाची. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हिशेबाला शिस्त लागावी हा हेतू असेल, पण तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत काम करणाऱ्या संस्थेची त्यामुळे ओढाताण होते हेही खरे.

शासनाच्या बाजूचे मोठे उदाहरण म्हणजे २०२० साली सुरू झालेली शेतकरी उत्पादक संघटनांची केंद्रीय योजना. देशभर १०,००० संघटना उभारण्याचे लक्ष्य तीत ठेवले होते. अशी संघटना कंपनी कायद्याखाली नोंदवता येते, तशीच सहकार कायद्याखालीही. सपाटीच्या भागात तिला किमान ३०० शेतकरी लागतात. तिला हात धरून चालायला शिकवणाऱ्या सहाय्यक संस्थेला दर संघटनेमागे पाच वर्षांत मिळून २५ लाख रुपयांपर्यंत मिळतात. संघटनेला स्वतःचा व्यवस्थापक, हिशेबनीस, कार्यालय यासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मिळतात. शिवाय सभासद जेवढे भाग भांडवल घालील तेवढीच भर शासन घालते. ही भर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, आणि संघटनेमागे १५ लाखांपर्यंत.

या तीन रकमांत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची. पहिल्या दोन रकमा मुदत संपली की संपतात. व्यवस्थापकाचा पगार चौथ्या वर्षी कोठून द्यावयाचा, ही चिंता कित्येक संघटनांना पडलेली असते. भाग भांडवलाचे तसे नाही. सभासदाने आपल्या खिशातले २,००० रुपये आधी घातलेले असतात, म्हणून तो सभेला येतो आणि "आमच्या पैशाचे काय केलेत?" असे विचारतो. विचारणारा सभासद असला म्हणजे संघटनेला लवकर मरण नाही.

आपल्या आधीच्या मंडळींनी काय केले?

अनुदान, देणगी या गोष्टी वाईट असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सहकारी साखर कारखानदारीच्या मुळाशीही एक देणगी आहे, हे किती सभासदांना ठाऊक असेल? १९३० साली साताऱ्याच्या रावबहादुर काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ. संस्थेत राहून त्यांनी शेतीच्या अर्थव्यवहाराचा, पाटबंधाऱ्यांचा, बाजाराचा अभ्यास केला. पुढे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले, तेव्हा पहिल्या सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षपदी हेच गाडगीळ बसले. १९५० च्या अखेरीस त्या कारखान्याचे गाळप सुरू झाले.

यात पैशाची विभागणी कशी झाली ती नीट पाहावी. देणगीतून विद्या उभी राहिली. कारखाना मात्र देणगीतून उभा राहिला नाही. त्यासाठी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, कोणी दागिने मोडले, आणि वर शासनाचे भाग भांडवल आणि वित्त महामंडळाचे कर्ज घेतले. कर्ज फेडावयाचे असते, भाग भांडवलाचा हिशेब द्यावयाचा असतो. त्या जबाबदारीनेच ती माणसे ताठ उभी राहिली.

दुधाचे उदाहरणही असेच. १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली. परदेशातून दूध भुकटी आणि लोण्याचे तेल दान म्हणून आले. ते फुकट वाटले असते तर शहरात दुधाचा भाव पडला असता आणि आपला गवळी मेला असता. डॉ. कुरियन आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तसे होऊ दिले नाही. त्या भुकटीचे दूध करून ते बाजारभावाने विकले, आणि आलेल्या पैशातून दूध संघांची शीतगृहे, डेअऱ्या, पशुवैद्यकीय सेवा उभ्या केल्या. हे मंडळ त्या काळी एक नोंदणीकृत संस्थाच होते. संसदेचा कायदा होऊन त्याला आजचे रूप मिळाले ते १९८७ साली. दान खाऊन टाकता येते आणि दानाचे भांडवलही करता येते. त्यांनी भांडवल केले.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, पुरंदर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार नायगावात गेले आणि ग्राम गौरव प्रतिष्ठानामार्फत त्यांनी पाणी पंचायत उभी केली. सामुदायिक उपसा योजनेचा निम्मा खर्च शासनाच्या अनुदानातून, ३० टक्के प्रतिष्ठानाकडून बिनव्याजी, आणि उरलेला २० टक्के शेतकऱ्यांनी स्वतः घालावयाचा, अशी त्यांची रीत होती. तो २० टक्के वाटा आल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. दुष्काळी गावच्या माणसाला तो सोपा नव्हता. पण ज्याने तो भरला, तो पाळीला हजर राहिला. पाणी माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायला बंदी! ऊस विकास अधिकाऱ्याने हे सांगावे हे थोडे विचित्र दिसेल. पण पाणी मोजून वापरण्याचा त्यांचा धडा आज ठिबकच्या दिवसांत आपल्यालाही गिरवावाच लागत आहे.

अलीकडचेच पाहावयाचे तर शिरोळच्या दत्त कारखान्याकडे पाहा. कृष्णाकाठची क्षारपड जमीन सुधारण्यासाठी तेथे सच्छिद्र पाईपची निचरा योजना झाली. शेतकऱ्यांनी गावोगाव संस्था केल्या, बँकेचे कर्ज घेतले, कारखान्याने पुढाकार घेतला. पड पडलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिला. अनुदानाची वाट पाहत ती मंडळी बसली असती तर मीठ आणखी वर आले असते.

लाभार्थी आणि सभासद

या सगळ्यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. अनुदानाच्या कागदावर आपले नाव 'लाभार्थी' म्हणून येते. कारखान्याच्या दप्तरी ते 'सभासद' म्हणून येते. शब्दातला हा फरक लहान नाही. लाभार्थ्याला मिळेल ते घ्यावे लागते. काय द्यावयाचे, किती दिवस द्यावयाचे हे लांब कोठेतरी बसलेला कोणी ठरवतो. सभासद ते स्वतः ठरवू शकतो.

आपल्याकडच्या तीन वर्षांत हे डोळ्यांनी दिसले. संस्थेची मुले कामाला वाघ होती, त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण त्यांचा निम्मा वेळ कागदात जाई. तिमाही अहवाल, विनियोग प्रमाणपत्र, लाभार्थ्यांची यादी, फोटो. पाचट कुट्टीचा फोटो हवा म्हणून सभासदाला फावडे हातात घेऊन उभे राहावे लागे, काम आदल्या दिवशीच झालेले असले तरी! माती परीक्षणाचा आकडा वर्षअखेरीस पुरा करावयाचा असे. तो मार्च महिना. त्या वेळी आपल्या निम्म्या शेतांत तोडीची गडबड, उरलेल्यांत उभा ऊस. मातीचा नमुना घ्यावयाचा तो लागणीपूर्वी, खत टाकण्याआधी. हे त्यांनाही कळत होते, पण अनुदानाचा हंगाम आणि उसाचा हंगाम एक नसतो.

उलट बाजूही पाहा. याच कार्यक्रमात काही गावांतल्या भगिनींच्या बचत गटांनी रोपवाटिका सुरू केल्या. ट्रे आणि शेडनेट अनुदानातून मिळाले. रोपे मात्र पहिल्या दिवसापासून पैसे घेऊन विकली. आज अनुदान संपून इतके महिने झाले, माती परीक्षण बंद आहे, सल्ल्याच्या फेऱ्या बंद आहेत, पण त्या रोपवाटिका चालू आहेत. आडसालीच्या लागणीला त्यांच्याकडे आगाऊ नोंदणी झाली. एकाच कार्यक्रमातले एक काम बसले आणि दुसरे चालू राहिले. जे फुकट होते ते बसले, ज्याला गिऱ्हाईक होते ते चालले. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

टनामागे एक रुपया

आता आमची सूचना. जमीन-सुधारणा आणि ऊस सल्ला यासाठी सभासदांनी टनामागे १ रुपया वर्गणी द्यावी, आणि सभासदांकडून जेवढी जमेल तेवढीच भर कारखान्याने घालावी. हा निधी वेगळ्या खात्यात राहावा.

हिशेब करू. एकरी ४० टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे एकरी ४० रुपये झाले. ५ लाख टन गाळप धरले तर सभासदांकडून ५ लाख रुपये वर्षाला आणि कारखान्याची भर धरून १० लाख. वर सांगितलेल्या केंद्रीय योजनेत सहाय्यक संस्थेला पाच वर्षांत २५ लाख, म्हणजे एका संघटनेमागे वर्षाला सरासरी ५ लाखच मिळतात. तेवढे तर आपण टनामागे एका रुपयात उभे करू शकतो, तेही दरवर्षी, आणि कोणाकडे प्रस्ताव न घेऊन जाता.

आता हा रुपया कोठून भरून येणार? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये वाजवी आणि किफायतशीर दर ठरवला. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. माती परीक्षण केले की लगेच उतारा वाढेल असे आम्ही सांगणार नाही; उतारा वाणावर, तोडीच्या वयावर, हवेवर, गाळपाला लागणाऱ्या वेळेवर, पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतो. पण एवढे नक्की की दराचा उतारा एका शेताचा धरत नाहीत, सबंध कारखान्याचा सरासरी धरतात. एका सभासदाने कितीही चांगला ऊस आणला आणि शेजाऱ्याने युरियाचा मारा करून हिरवा, कोवळा ऊस पाठवला, तर दोघांच्या पदरी सरासरीच पडणार. तेव्हा हे काम एकट्याने करून भागत नाही. सगळ्यांच्या शेतात व्हावयाचे तर त्याला सगळ्यांचा पैसा लागला पाहिजे.

मग संस्था नको काय? हवी. आमचे मत असे की, संस्थेला निरोप देऊ नये, तिच्याशी नाते बदलावे. अनुदान पुढेही येईल. ते यंत्रासाठी, प्रयोगशाळेसाठी, प्रशिक्षणासाठी, नव्या प्रयोगासाठी घ्यावे. एकदा खर्च झाला की जे मागे उरते त्यासाठी अनुदान. रोजच्या चालू खर्चाला, म्हणजे गावात फिरणाऱ्या माणसाच्या पगाराला आणि नमुने तपासण्याच्या खर्चाला, आपली वर्गणी. संस्था मग आपल्याशी करार करून येईल, आणि काम कसे झाले ते दात्याइतकेच आपल्यालाही सांगेल.

ही रीत नवी नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून उभी आहे ती कारखान्यांनी आणि पर्यायाने ऊस उत्पादकांनी लावलेल्या हातभारावर. बारामतीचा कृषी विकास न्यास आणि ही संस्था यांनी मिळून कृत्रिम बुद्धिमत्तेचा ऊसशेतीत वापर करण्याचा जो कार्यक्रम अलीकडे हाती घेतला, त्यातही खर्चाची विभागणी संस्था, कारखाना आणि शेतकरी अशी तिघांत ठेवली आहे. शेतकऱ्याचा वाटा त्यांनी मुद्दाम ठेवला, कारण फुकट बसवलेले यंत्र पहिल्या पावसात कोणीही गोठ्यात नेऊन ठेवतो.

काही शंका

या सूचनेवर सभासद काय म्हणतील याची आम्हास कल्पना आहे. गट ऑफिसात बसून ते ऐकतोच.

"आणखी एक कपात?" होय, कपात म्हटले की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे आम्ही जाणतो. म्हणून ही वर्गणी सभासदाच्या लेखी संमतीने घ्यावी. ज्याला नको त्याने देऊ नये. पहिल्या वर्षी निम्म्याच सभासदांनी दिली तरी चालेल. मनाविरुद्ध कापलेल्या रुपयाने काम उभे राहणार नाही.

"माती परीक्षण तर सरकार फुकट करते." करते. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळत आहेत. पण किती घरांत ती पत्रिका कपाटात घडी घालून ठेवलेली आहे? त्यात सेंद्रिय कर्ब कमी लिहिले आहे, तर पाचट ठेवावयाचे की ताग गाडावयाचा, आणि को ८६०३२ चा खोडवा असेल तर नत्र केव्हा आणि किती द्यावयाचे, हे कोणीतरी बांधावर येऊन सांगावे लागते. कागदाला पैसे पडत नाहीत, माणसाला पडतात.

"हे तर शेतकी खात्याचेच काम." खरे आहे, आणि आम्ही ते टाळीत नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च आमचा माणूस तोडणी प्रोग्राम, टोळ्या, वाहने आणि चिठ्ठ्या यात अडकलेला असतो. त्याच वेळी खोडव्याची छाटणी, पाचटाचे काम, सुरू लागण ही सगळी कामे शेतात येतात. शिवाय, ज्याच्या हातात तोडीची चिठ्ठी असते त्याच्याशी सभासद खताबद्दल मोकळेपणी बोलत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. सल्ला देणारा माणूस चिठ्ठीपासून दूर असलेला बरा.

"पैसे जमतील, पण जातील कोठे?" ही शंका सर्वांत महत्त्वाची, आणि तिचे उत्तर आधी मिळाल्याशिवाय कोणी संमतीवर सही करू नये असेच आम्ही सांगू. या निधीचे खाते वेगळे असावे. कारखान्याच्या चालू खर्चात, देण्या-घेण्यात तो कधीही मिसळू नये. प्रत्येक गटातून दोन सभासद, त्यात एक भगिनी, अशी देखरेख समिती असावी. संचालक मंडळाच्या निवडणुकीत कोणत्याही पॅनेलने हा निधी प्रचाराला वापरू नये. जमा आणि खर्च सहा महिन्यांनी गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावा आणि गावात वाचून दाखवावा. आपल्या घरच्या पोराला दिलेल्या पैशाचा हिशेब आपण विचारतो, मग येथे संकोच कशाला?

संस्था आली तर काय विचारावे?

वर्गणीचा निर्णय काहीही होवो, नवी अनुदाने आणि नव्या संस्था येत राहतील. तेव्हा सभासदांनी दारात आलेल्या संस्थेला चार गोष्टी जरूर विचाराव्यात.

पहिली, पैसा कोणाचा आणि किती वर्षांचा. शेवटची तारीख पहिल्याच सभेत गावाला सांगावी. दुसरी, आमचा वाटा किती. वाटा नाही म्हणाले तर आपणच आग्रह धरावा. पैशाचा नसेल तर श्रमाचा. तिसरी, आमच्या गावातली कोणती मुले-मुली शिकून तयार होणार. बाहेरचा माणूस जातो, गावची मुलगी राहते. चौथी, यंत्र, साहित्य, मातीचे निकाल आणि नोंदी शेवटी कोणाच्या ताब्यात राहणार. गेल्या तीन वर्षांतले आपल्या जमिनींचे निकाल संस्थेच्या संगणकात आहेत. ते परत मिळावेत म्हणून आम्ही पत्रव्यवहार सुरू केला आहे. करारातच तशी अट असती तर पत्राची गरज पडली नसती.

या चार प्रश्नांनी चांगली संस्था नाराज होत नाही. उलट तिला बरे वाटते, कारण दात्याला सांगायला तिच्याकडे खरे काहीतरी येते. प्रश्न ऐकून जी परत जाईल ती तशीही टिकणार नव्हती.

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून पाळले. सभा झाल्या, फलक लागले. रॉचडेलच्या ज्या विणकरांनी १८४४ साली आपले छोटे दुकान काढले आणि ज्यांचे नाव आपण प्रत्येक सहकार सप्ताहात घेतो, त्यांनी पुढे आपल्या नफ्यातला अडीच टक्के हिस्सा सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढला. ते विणकर श्रीमंत नव्हते. पण सभासद शिकला नाही तर दुकान टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आपला कारखानाही सभासदांच्या शेअरवर उभा आहे. जमीन ही तर त्याच्याही आधीची. तिच्या दुखण्याची चौकशी करायला तीन वर्षांतून एकदा पाहुणा यावा आणि मध्ये कोणी पाहू नये, हे बरे नव्हे. सभासदांनी हा विषय आपापल्या गावात, गटाच्या बैठकीत बोलावा. बाजूने असो की विरुद्ध, आपले म्हणणे लेखी सूचना म्हणून ऑगस्टअखेर शेतकी कार्यालयात द्यावे, म्हणजे सभेच्या विषयपत्रिकेत ते घेण्याची विनंती संचालक मंडळास करता येईल. टनामागे रुपया जास्त वाटत असेल तर आठ आणे म्हणा, पण काहीतरी म्हणा. गप्प बसलेल्या सभासदाचे नाव पुढच्या अनुदानाच्या यादीत पुन्हा लाभार्थी म्हणूनच लागेल.

— ऊस विकास अधिकारी